फोटोत माणसं नकोत

“ताई, थांबा वो जरासं. भांडे नीट लावू द्या,” म्हणत अन्नपूर्णाबाई मांडणीवरचे पितळी डबे पुन्हा एकदा रांगेत सारू लागल्या. त्यांनी सकाळीच फरशी पुसून घेतली होती, दारात रांगोळी काढली होती आणि लग्नकार्याला नेसायची हिरवी साडी नेसल्या होत्या. मोनाली कॅमेरा घेऊन उंबरठ्यात उभी होती.

“काकू, भांडे राहू द्या. तुमी जरा बाहेर या.”

“मी?”

“फोटोत माणसं नको म्हणते ऑफिसवाले.”

अन्नपूर्णाबाई हसल्या. “घर माहं, फोटो माह्या घराचा, अन् मीच नाई त्याच्यात?” पण त्या बाहेर गॅलरीत आल्या. पदराचं टोक तेवढं चौकटीत राहिलं होतं. ते जाईपर्यंत मोनाली थांबली आणि मग तिने बटण दाबलं.

वर्ध्याच्या एका कडेला ही वसाहत चाळीसेक वर्षांपूर्वी कामगारांसाठी बांधली होती. सोळा सोळा घरांच्या पाच इमारती, म्हणून सगळे तिला ‘ऐंशी क्वार्टर’ म्हणत. आता प्रत्येक इमारतीवर लाल अक्षरात ‘धोकादायक’ लिहिलेलं होतं. जुनं पाडून त्याच जागी नवं बांधायचं ठरलं होतं, आणि त्याआधी प्रत्येक घराचा फोटो अहवालाला जोडायचा होता. अहवाल करणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर योगेंद्र सर हे काम घेऊन मोनालीच्या स्टुडिओत आले होते.

स्टुडिओ तिच्या वडिलांचा. ते जाऊन सहा वर्षं झाली होती. आता लोक मोबाईलवरच फोटो काढत. पासपोर्ट साइज, आधार कार्डाची प्रिंट, लग्नसराईत दोन-चार लग्नं, एवढंच काम राहिलं होतं. मोनाली थूल अडतीस वर्षांची होती. तिचं लग्न झालं नव्हतं आणि आता त्याबद्दल कोणी विचारतही नसे. ती आणि आई, दोघींचं त्या स्टुडिओवर चालत होतं. म्हणून ऐंशी घरांचं काम आलं तेव्हा तिने फार प्रश्न विचारले नाहीत.

योगेंद्र सरांनी एकच गोष्ट दोनदा सांगितली होती. “भेगा दिसल्या पाहिजेत, मॅडम. पोपडे, ओल, सगळं. आणि माणसं नकोत. माणूस आला की घर राहण्यासारखं वाटतं.”

मोनालीला ते काम चांगलं जमलं. दुपार कलल्यावर ऊन तिरपं झालं की भिंतीतली बारीक भेगसुद्धा फोटोत खोल दिसते, हे तिला ठाऊक होतं. खाली बसून काढलं की छत अंगावर आल्यासारखं वाटतं. पोपडे सुटलेल्या एका जिन्याचा फोटो तर तिला इतका आवडला, की तिने तो पाच वेळा काढला. त्याच जिन्यात कोपऱ्यात एक म्हातारे गृहस्थ धोतर सावरत अवघडून उभे होते. ती मागे सरकेपर्यंत, पुन्हा पुढे येईपर्यंत, ते भिंतीला चिकटून उभे राहिले. “झालं का, बाई?” एवढंच त्यांनी विचारलं.

त्या संध्याकाळी तिने अ आणि ब इमारतींतली बत्तीस घरं कॉम्प्युटरवर एकामागून एक पाहिली. एका घरात पंखा फिरत होता. एकात ताटात अर्धी पोळी होती. एका खुंटीवरची पिशवी झुलत असताना फोटोत थांबली होती. माणूस मात्र कुठेच नव्हतं. ऐन जेवताना सगळी वसाहत उठून कुठेतरी निघून गेली असावी, तसं ते दिसत होतं. बत्तीसही घरांतल्या माणसांना तिनेच बाहेर काढलं होतं. तरीही पुढचा फोटो उघडताना तिचा हात दर वेळी थोडा थांबत होता.

दुसऱ्या दिवशी क इमारत होती. ती पूर्ण रिकामी होती. सोळाही कुटुंबांनी घर सोडल्याचे कागद देऊन झाले होते. इथे काम सोपं होतं. बंद दार, कुलूप आणि बाजूची खिडकी एका फोटोत आली की झालं.

मे महिना होता. दुपारी बारानंतर वर्ध्यात रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. अ आणि ब इमारतींमधून कूलरची घरघर येत होती. क इमारतीत पाऊल टाकताच ती मागे राहिली. जिन्यात कबुतरांची पिसं होती. गॅलरीत गरम वारा शिरायचा, एखादं सैल दार हलकेच आपटायचा आणि निघून जायचा. दुसऱ्या मजल्यावर अकरा नंबरसमोर तिला फोडणीतल्या जिऱ्याचा वास आला. ब इमारतीतून येत असेल, असं म्हणून तिने तीन फोटो घेतले आणि ती वरच्या मजल्यावर गेली.

वास कुठून येत होता ते तिला संध्याकाळी कळलं.

बाहेर झगझगीत ऊन असल्यामुळे फोटोतल्या खिडक्या काळ्या ठिक्कर आल्या होत्या. भेगा नीट दिसाव्यात म्हणून ती प्रत्येक फोटोतला काळोख थोडा उजळत होती. अकरा नंबरच्या पहिल्या फोटोत काहीच नव्हतं. दुसऱ्यात गजावर चार बोटं होती. तिसऱ्यात फुटक्या काचेच्या मागे अर्धा चेहरा होता. एकच डोळा, आणि तो सरळ कॅमेऱ्यात पाहत होता.

मोनालीने कॉम्प्युटर बंद केला. मग पुन्हा चालू केला. डोळा होताच.

तिने फोटो होते तसे ऑफिसला पाठवून दिले आणि आईजवळ जाऊन बसली. आईने “काय झालं वं?” विचारलं, तर ती “काई नाई” म्हणाली.

सकाळी ती अन्नपूर्णाबाईंकडे गेली. त्यांचं घर ब इमारतीत, अकरा नंबरच्या अगदी समोर होतं.

“काकू, समोर अकरा नंबरात कोण राह्यते?”

अन्नपूर्णाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. “तिथं कोणी नाई राहत.”

खालच्या मजल्यावरच्या जयाला विचारलं, तर तीही तेच म्हणाली. “तिथं कोणी नाई राहत, ताई.” गेटजवळच्या पानठेल्यावरचा माणूससुद्धा तेच शब्द, त्याच क्रमाने बोलला. काल ज्यांनी तिला पाणी दिलं होतं, तेच लोक आज तिच्याकडे पाहत नव्हते. ती वसाहतीतून बाहेर पडेपर्यंत वरच्या खिडक्यांतून कोणीतरी तिला पाहत असल्यासारखं वाटत राहिलं.

दुपारी योगेंद्र सरांचा फोन आला. “मॅडम, क इमारतीचा अकरा नंबर परत घ्या. खिडकीत काहीतरी आलंय. काचेवर उजेड पडला असेल.”

“सर, उजेड नाही. माणूस आहे तिथे.”

पलीकडे सरांनी कागद चाळले. “कागदावर ती इमारत रिकामी आहे. पंधरा तारखेला पाडायला घ्यायची आहे. आता माणूस कुठून येणार? परत घ्या, नाहीतर तिथेच कॉम्प्युटरवर काढून टाका. तुम्हाला येतं की ते.”

ते तिला येत होतं. मोडलेल्या सोयरिकीतला नवरा मुलगा साखरपुड्याच्या फोटोतून काढून टाकायचं काम तिने केलं होतं. वरातीत मागे झिंगत उभे असलेले लोक तर तिने किती पुसले असतील याला गणतीच नव्हती. दोन मिनिटांचं काम. ती बसली. आधी बोटं गेली, मग डोळा, मग उरलेला गाल. शेजारचाच काळा रंग ओढून तिने ती जागा भरली. आता अकरा नंबर बाकीच्या पंधरा घरांसारखाच दिसत होता.

ती त्या काळ्या खिडकीकडे बराच वेळ पाहत राहिली. फोटो तिने पाठवला नाही.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता ती एकटीच क इमारतीचा जिना चढली. बाकीच्या दारांच्या कुलुपांवर धूळ होती. अकरा नंबरचं कुलूप रोज हात लागत असल्यासारखं गुळगुळीत होतं. तिने वाकून त्याला बोट लावलं, तेवढ्यात आतून आवाज आला.

“टाइम काय झाला, बाई?”

मोनाली दचकून मागे सरली ती गॅलरीच्या कठड्यालाच टेकली. आवाज म्हातारा होता, कोरडा होता, आणि अगदी दाराला लागून होता.

“सव्वा... सव्वादोन.”

“मंग अन्नपूर्णाले येवाले अजून वेळ हाय.” आत काहीतरी सरकलं आणि आवाज खिडकीशी आला. “फोटोवाली पोरगी ना तू? त्या दिवशी पाह्यलं मी तुले.”

फुटक्या काचेमागे तोच डोळा होता. पण आता त्याच्याखाली एक बारीक, सुरकुतलेला, घामाने डबडबलेला चेहराही होता. मोनालीच्या मनातली भीती गेली आणि तिच्या जागी दुसरीच काहीतरी भीती आली. आत पंखा नव्हता. खिडकीतून भट्टीसारखी वाफ बाहेर येत होती.

“आजी, तुमाले कोंडलं कोणी?”

“कोणी नाई वं. मीच कोंडून घेतलं.”

तिचं नाव तानाबाई ताकसांडे. एकोणतीस वर्षं तिने दवाखान्यात आयाचं काम केलं होतं. नवरा वारल्यावर क्वार्टर तिच्या नावावर झालं. मुलगा सुरतेला असतो. दीड वर्षापूर्वी तो आला, पेन्शनचा कागद आहे म्हणून तिची सही घेतली आणि तिला अल्लीपूरला तिच्या भाचीकडे सोडून गेला. घर रिकामं केल्याचा आणि नवं घर मुलाच्या नावावर करण्याचा तो कागद होता, हे तिला तिथे कळलं. दोन महिने ती तिथे राहिली. मग एक दिवस बसने परत आली. तोवर दारावर ऑफिसचं कुलूप लागलं होतं. अन्नपूर्णाबाईंच्या नवऱ्याने ते तोडलं आणि तसंच दुसरं आणून लावलं. तेव्हापासून अन्नपूर्णाबाई दिवसभर तिला बाहेरून कुलूप लावून ठेवत, आणि दिवेलागणीला उघडून पाणी, भाकरी देत; दुपारचं थोडंसं ती आतल्या आत शेगडीवर करून घेई. साऱ्या वसाहतीला हे माहीत होतं.

“तिथं कोणी नाई राहत म्हणाच, असं मीच सांगतलं साऱ्यांले,” तानाबाई म्हणाली. “मी सापडली तर पोरावर केस होईन.”

“त्यानं तुमाले फसवलं, अन् तुमी त्याच्यासाठी अशा उन्हात—”

“पोरगा हाय वं.” ती थोडी थांबली. “माहा फोटो आला का त्याच्यात?”

मोनालीने मोबाईल गजाजवळ धरून त्यात घेतलेला उजळलेला फोटो तिला दाखवला. तानाबाईने डोळे बारीक करून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“हे मी होय?”

“हो, आजी.”

“भुतावानी दिसून राह्यली.” तिने तोंड बाजूला घेतलं. “काढून टाक, माय. कोणाले नोको दाखवू.”

मोनालीने चेहरा पुसलेला फोटोही तिला दाखवला, नुसती काळी खिडकी असलेला. “असाच दिला तर ऑफिसवाले खूश होते, आजी. तुमीही लपून राहाल. पन पंधरा तारखेले मशीन येऊन राह्यली. ही इमारत रिकामी हाय म्हणून हीच पह्यले पाडणार.”

गजावरची बोटं सुटली. मोनालीच्या लक्षात आलं, की पाडण्याची तारीख तानाबाईला कोणी सांगितलीच नव्हती.

“आज काय तारीख?”

“दहा.”

तानाबाईने वर छताकडे पाहिलं. मग तानाबाई हळूच म्हणाली, “वरती चौदा नंबरातही कोणी हाय. दुपारी पाय वाजते. म्या कधी विचारलं नाई. म्हटलं, असन माह्यासारखंच कोणी.”

चौदा नंबरचाही फोटो मोनालीने काढला होता. तो उजळून पाहायचा तिला धीर झाला नव्हता.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. अन्नपूर्णाबाई पाण्याची कळशी घेऊन वर आल्या होत्या, नेहमीपेक्षा लवकर. उन्हामुळे त्यांना राहवलं नसावं. मोनालीला पाहताच त्यांनी कळशी खाली आदळली.

“तुमाले सांगतलं होतं ना, तिथं कोणी नाई राहत म्हणून! काऊन आल्या तुमी इथं? आमाले जेलात पाठवता काय?”

“अन्नपूर्णा,” आतून आवाज आला, “कुलूप काढ.”

“मावशी, दिवस हाय. कोणी पाह्यलं तर—”

“पाहू दे. काढ.”

अन्नपूर्णाबाईंनी कमरेची किल्ली काढली. दार उघडलं. आतला काळोख आधी बाहेर आल्यासारखा वाटला, आणि मग त्यातून तानाबाई दिसली. खिडकीत दिसत होती त्याहून ती कितीतरी लहान होती. तिने मोनालीला हातानेच थांबवलं.

“खिडकीतला फोटो फाडून टाक. चोरावानी दिसते मी त्याच्यात. बाहेर थांब. मी तयार होते.”

दार लोटलं गेलं. आत पाण्याचा आवाज झाला, पेटी उघडल्याचा आवाज झाला. मोनाली आणि अन्नपूर्णाबाई गॅलरीत उभ्या राहिल्या. अन्नपूर्णाबाई रडत होत्या. “मी रोज दुपारी इकडं पाहो, ताई,” त्या म्हणाल्या. “वाटे, संध्याकाळी कुलूप काढीन अन् मावशी आवाज नाई देणार तर? मी कोणाले काय सांगू, की मीच कुलूप लावलं?”

दार उघडलं. तानाबाई पांढरी, निळ्या काठाची साडी नेसून आली होती. केस ओले करून मागे बांधले होते. ती खाली बसली नाही. उंबरठ्यावर उभी राहिली, एक हात चौकटीवर ठेवला, आणि विचारलं, “भिंतीची भेग येते का मांगं?”

“येते, आजी.”

“मंग इकडून घे.” ती दोन बोटं सरकली. “भेग कशाले पाहिजे? मी हाय ना.”

मोनालीने अन्नपूर्णाबाईंनाही शेजारी उभं राहायला सांगितलं, तर तानाबाई कडाडली. “तिले नोको. तिचं नाव कुठीच येवाले नाई पाहिजे. कुलूप मी तोडलं.”

अडीच वाजले होते. त्या वेळचं ऊन कोणत्याही फोटोला चांगलं नसतं. डोळ्यांखाली काळं येतं, पांढऱ्या साडीत काही दिसत नाही. मोनालीने कलत्या उन्हाची वाट पाहिली नाही. तिने सहा फोटो घेतले.

घरी येऊन तिने ते ऑफिसला पाठवले आणि खाली लिहिलं: ‘क इमारत, क्रमांक अकरा. राहणार तानाबाई ताकसांडे, वय एकाहत्तर. हल्ली मुक्काम येथेच.’ तेच फोटो कलेक्टर कचेरीत अर्जासोबतही दिले. अर्ज तिनेच लिहिला. तानाबाईने खाली सही केली. या वेळी तिने तो आधी दोनदा वाचून दाखवायला लावला.

योगेंद्र सरांनी त्याच संध्याकाळी फोन केला. ते ओरडले नाहीत. “तुम्हाला घरांचे फोटो सांगितले होते, मॅडम,” एवढंच म्हणाले. उरलेल्या इमारतींचे फोटो दुसऱ्या दिवशी एका माणसाने मोबाईलवर काढून नेले.

पंधरा तारखेला मशीन आली नाही. त्याऐवजी तीन अधिकारी आले. त्यांनी तानाबाईला खुर्ची दिली, पण ती बसली नाही.

“कुलूप कोणी तोडलं?”

“मी.”

“आणि नवीन बाहेरून लावलेलं होतं. तुम्ही आत असताना बाहेरून कसं लावलं?”

“ते तुमी शोधा,” तानाबाई म्हणाली.

साहेबांनी अन्नपूर्णाबाईंकडे पाहिलं, जयाकडे पाहिलं, गॅलरीत जमलेल्या साऱ्या वसाहतीकडे पाहिलं. मग त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

मुलाचा फोन आला तो अन्नपूर्णाबाईंच्या मोबाईलवर. तो पाव तास बोलत होता, मोठमोठ्याने. शेजारी उभ्या असलेल्या मोनालीलाही ऐकू येत होतं. तानाबाईने सगळं ऐकून घेतलं. “जेवला का?” एवढंच विचारलं आणि मोबाईल परत दिला.

पावसाळाभर सुनावण्या चालल्या. शेवटी नव्या घरांच्या यादीत तिचं नाव चढलं, पण नावापुढे ‘निर्णय प्रलंबित’ असं लिहिलेलं होतं, आणि अजूनही आहे. क इमारत मात्र तिला सोडावी लागली. ती अन्नपूर्णाबाईंकडे राहायला गेली. त्यांच्या पुढच्या खोलीत पंख्याखाली तिची खाट पडली.

पाडण्याआधी सोळाही घरांची दारं उघडून पाहिली गेली. मोनाली मुद्दाम वर चौदा नंबरपर्यंत गेली. आत कोणी नव्हतं. सामान नव्हतं, अंथरूण नव्हतं, चुलीची राखही नव्हती. बाकीच्या सगळ्या घरांत बोटभर धूळ होती. या एका घरातली फरशी मात्र झाडलेली होती. सोबतच्या माणसाने दाराआड पाहिलं, “पुढं चला” म्हणाला आणि तो भराभर जिना उतरला. मोनालीही उतरली. तिने याबद्दल तानाबाईला काही सांगितलं नाही.

डिसेंबरात मशीन आली. सकाळची थंडी होती. रस्त्यावर बरीच माणसं थांबली होती. नुसता धक्का लागताच पुढची भिंत खाली आली, आणि धूळ बसली तेव्हा दुसऱ्या मजल्यावरची अकरा नंबरची खोली रस्त्याला उघडी पडली. आतली भिंत गुलाबी होती. शेगडी जिथे असायची तिथे वर धुराचा काळा पट्टा चढला होता. बाजूला हळदीची बोटं पुसल्याच्या रेघा होत्या, एकावर एक, किती तरी वर्षांच्या. बुद्धाची तसबीर होती तेवढा चौकोन गडद राहिला होता.

लोकांनी मोबाईल वर धरले. “काय मस्त दिसून राह्यलं,” कोणीतरी म्हणालं. मोनालीच्या शेजारचा माणूस तिच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “ताई, तुमी नाई काढत? तुमच्याकडं तर मोठा कॅमेरा हाय.”

ती तानाबाईकडे पाहत होती. तानाबाई शाल गुंडाळून, अन्नपूर्णाबाईंचा हात धरून उभी होती. उन्हात, साहेबांपुढे, सुनावण्यांत, कधीच तिने डोक्यावरून पदर घेतला नव्हता. आता तिने शालीखालून पदर ओढला, पार कपाळाखालपर्यंत आणला, आणि न्हाणीचं दार कोणी अवचित उघडावं तशी ती झटकन पाठमोरी झाली.

मोनालीने गळ्यातला कॅमेरा काढला, पिशवीत ठेवला आणि चेन ओढून घेतली. मग तिनेही त्या खोलीकडे पाठ केली आणि तानाबाईच्या बाजूला उभी राहिली. मागे मशीन पुन्हा सुरू झाली होती.